बालकला महोत्सवातील मदतनीस

बालकला महोत्सवात काही कार्यक्रम पाहण्याचे असतात आणि काही करण्याचे. नाटुकली, समूहगीत, नृत्य, चित्रप्रदर्शन हे पाहण्याचे कार्यक्रम. मातीचा बैल घडवणे, कागदाचे कमळ कापणे, भेंडीचे ठसे उठवणे, किल्ला बांधणे हे करण्याचे. करण्याच्या कार्यक्रमाला मंच लागत नाही आणि ध्वनिवर्धकही लागत नाही. त्याला माती, पाणी, कागद आणि माणसे लागतात. माती, पाणी, कागद जमवणे सोपे असते. मुलांच्या शेजारी बसून काम करू शकतील अशी माणसे तयार करणे अवघड, आणि उपक्रम फसतो तो बहुधा तिथेच.

ही माणसे म्हणजे मदतनीस. बेळगावातील टिळकवाडीसारख्या भागात ती मिळतात. परिसरात शाळा-महाविद्यालये आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, हौशी चित्रकार आहेत, नाटकाचे वेड असलेली तरुण मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही उत्तम चित्र काढता यायलाच हवे असे नाही. मूल काम करत असताना शेजारी स्वस्थ बसता येणे, हवे ते सामान हवे तेव्हा पुढे करता येणे आणि स्वतःचे हात आवरता येणे, एवढे जमले की पुरे. यांतले शेवटचे सर्वांत कठीण.

मदतनीसाचे काम कोणते

बेळगावात चित्रकलेच्या शिक्षणाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्यासारखे चित्रकार घडले. तिथे विद्यार्थी वर्षानुवर्षे रेषा घोटत, रंग समजून घेत, चुका दुरुस्त करून घेत. महोत्सवातल्या करून पाहण्याच्या दालनात मात्र मूल पाऊणच तास बसते. एवढ्या वेळात कोणालाही कला शिकवता येत नाही, आणि तसा आव आणला तर मुलाच्या वाट्याला फक्त सूचना येतात. पाऊण तासात होण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मुलाला एखादे माध्यम हाताळायला मिळते, ते आपल्या हाताला कसे वळते हे कळते आणि आपण घडवलेली एक वस्तू घरी नेता येते. मदतनीसाची सारी कामे या हिशेबाने ठरवावीत.

म्हणूनच पहिला नियम असा, की मदतनीसाने मुलाच्या वस्तूला हात लावू नये. मुलाच्या कागदावर रेघ ओढू नये, त्याच्या मातीला बोट लावू नये. एखादी कृती दाखवायची असेल तर ती मदतनीसाने स्वतःच्या वेगळ्या गोळ्यावर किंवा कागदाच्या कपट्यावर दाखवावी आणि लगेच तो गोळा मोडून टाकावा. मदतनीसाने केलेला सुबक बैल टेबलावर राहिला, की गटातली सगळी मुले आपले बैल बाजूला सारून त्याची नक्कल करू लागतात. नमुना ठेवायचाच असेल तर एकमेकांपासून वेगळे, ओबडधोबड असे तीन ठेवावेत आणि काम सुरू झाले की उचलून न्यावेत.

दुसरा नियम बोलण्याचा आहे. ‘छान’ हा शब्द प्रत्येक मुलाला वाटला की त्याला अर्थ उरत नाही. जे दिसते ते सांगावे : ‘याची शिंगे मागे वळवलीस,’ ‘सगळा निळा रंग एका कोपऱ्यात आला आहे.’ मूल त्यावर काहीतरी बोलते आणि पुढचे काम त्याचे त्यालाच सुचते. अडलेल्या मुलाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारावा : ‘हा उभा राहायचा तर आधार कुठे लागेल?’ आणि गप्प बसून काम करणाऱ्या मुलाला काहीही विचारू नये. ‘हे काय काढलेस?’ हा प्रश्न तर टाळावाच. लहान मुलाने प्रत्येक वेळी काहीतरी ‘काढलेले’ असतेच असे नाही. पुष्कळदा ते रंग कसा पसरतो एवढेच पाहत असते.

या दालनांना स्पर्धेचे रूप देऊ नये, हेही आयोजकांनी आधीच ठरवून टाकावे. बक्षीस जाहीर झाले, की पालकांचे हात टेबलावर येतात आणि मुलांचे हात खाली जातात. चित्रकलेच्या, किल्ल्यांच्या स्पर्धा या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पुष्कळ होतात आणि त्यांचे महत्त्व आहेच. पण करून पाहण्याच्या दालनात त्यांचे काम नाही.

मदतनीसांना महोत्सवाच्या आधी किमान एकदा दोन तास एकत्र बसवावे आणि प्रत्येक उपक्रम त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. कात्री कुठे अडते, खळ किती वेळात सुकते, बैलाचे पाय का मोडतात, हे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कळत नाही. स्वयंसेवकांची तयारी ही टिळकवाडीला नवी गोष्ट नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. गंगाधरराव देशपांडे यजमानपद सांभाळत होते आणि स्वयंसेवकांची धुरा डॉ. ना. सु. हर्डीकरांकडे होती. एवढा मोठा मेळा आयत्या वेळी बोलावलेल्या माणसांच्या भरवशावर पार पडत नाही, आणि शंभर मुलांचा मेळाही पडत नाही.

जागा, ऋतू आणि वेळ

बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस मुक्काम ठोकून असतो. उघड्यावरच्या महोत्सवाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिल-मेच्या सुटीत मुले मोकळी असतात, पण दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो; त्या दिवसांत दालने सकाळी भरवावीत आणि जवळ पक्के छप्पर असावे. थंडीच्या दिवसांत अडचण वेगळी. सकाळी गवतावर दव असते, त्यामुळे सतरंज्या थेट मैदानावर अंथरू नयेत, खाली ताडपत्री घालावी. मातीकामाची वेळही दहानंतरची ठेवावी. गार पाण्यात हात घालून बसलेले लहान मूल लवकर कंटाळते.

टिळकवाडीतील लेले मैदानासारखी मोकळी जागा मोठ्या मेळ्याला चांगली, पण तिथे वारा लागतो. कागदकाम भिंतीच्या किंवा कनातीच्या आडोशाला घ्यावे आणि प्रत्येक टेबलावर मूठभर आकाराचे चार दगड ठेवावेत. व्हॅक्सिन डेपोच्या परिसरासारखी झाडीची जागा जवळ असेल, तर गळून पडलेली पाने गोळा करून आणणे हाच उपक्रमाचा पहिला भाग करता येतो. झाडाची पाने ओरबाडायची नाहीत, हे मात्र निघण्यापूर्वीच सांगावे. जागामालकाची, पोलिसांची आणि ध्वनिवर्धकाची परवानगी हे आयोजकांचे काम. मदतनीसाला पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि बाहेर पडण्याची वाट माहीत असली पाहिजे.

पाण्याची जागा आधी ठरवावी आणि मग दालने मांडावीत. माती आणि रंग पाण्याजवळ, कागद पाण्यापासून दूर. मंचावरच्या कार्यक्रमाच्या आवाजापासून दालने जितकी लांब तितकी बरी, कारण ध्वनिवर्धक चालू असताना मदतनीसाला ओरडावे लागते आणि ओरडणाऱ्या माणसाशेजारी मूल मन लावून काम करत नाही. उंच टेबलांपेक्षा सतरंजी आणि पाट लहान मुलांना सोयीचे. सतरंजीवर दोन ओळींमध्ये माणूस चालेल एवढी वाट सोडावी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलासाठी मात्र प्रत्येक दालनात एक तरी टेबल असावे, आणि ते कोपऱ्यात नसावे.

वेळेचा हिशेब साधा आहे. सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत पाऊण तासाची चार सत्रे बसतात. दोन सत्रांमध्ये १५ मिनिटे आवरायला लागतातच. एका सत्रात २४ मुले, सहा-सहांचे चार गट आणि प्रत्येक गटाला एक मदतनीस. शिवाय एक जण दाराशी नावे लिहायला आणि एक जण पाण्या-सामानाकडे. म्हणजे एका दालनाला सहा माणसे लागतात. पाच वर्षांखालील मुले असतील तर गट चारांचा करावा. दारात गर्दी होऊ नये म्हणून सत्राच्या वेळेचे रंगीत कागदी बिल्ले आधीच वाटून टाकावेत. निपाणी, खानापूर, चंदगडकडून शाळांच्या गाड्या येणार असतील तर शेवटच्या सत्रातल्या काही जागा राखून ठेवाव्यात. निपाणीहून यायला साधारण दीड तास लागतो आणि गाडी उशिरा पोहोचली म्हणून मुलांना नुसते बघत उभे राहावे लागणे योग्य नव्हे.

सामान आणि त्याचे माप

सामान मोजून घ्यावे आणि मापाहून दहा टक्के जास्त ठेवावे. एका बैलाला भिजवून मळलेली सुमारे ३०० ग्रॅम माती लागते. चार सत्रांची ९६ मुले धरली तर २९ किलो होते; ३२ किलो तयार ठेवावी. कात्र्या दोन मुलांत एक चालते, ब्रश मात्र प्रत्येकाला हवा. डावखुऱ्या मुलांना नेहमीच्या कात्रीने नीट कापता येत नाही, म्हणून डाव्या हाताच्या दोन-तीन कात्र्या वेगळ्या ठेवाव्यात. चार-पाच वर्षांच्या मुलांना कात्री देण्यापेक्षा कागद फाडायला द्यावा. फाडलेल्या कडेचे चिकटकाम सुंदर दिसते आणि बोटांनाही चांगला व्यायाम होतो.

रंगाची बाटली मुलांसमोर ठेवू नये. बाटल्यांच्या झाकणांत चमचाभर रंग घालून द्यावा, संपला की पुन्हा द्यावा. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढे चार रंग पुरतात. हिरवा तयार करून दिला तर पिवळ्यात निळा मिसळताना होणारा आनंद मुलाला मिळत नाही. पाण्याची भांडी बसकी व जड असावीत, आणि प्रत्येक गटाला दोन : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ.

चिकटवण्यासाठी खळ स्वस्त आणि निर्धोक आहे. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार-पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवावा आणि पारदर्शक झाला की उतरवावा. बुकबाइंडिंगच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालण्याची पद्धत आहे. मुलांच्या खळीत तो कदापि घालू नये, कारण तो विषारी आहे. ज्या दिवशी हवी त्या दिवशी सकाळी खळ करावी. पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायचा असेल तिथेच फेविकॉल वापरावा.

मातीचा बैल

सीमाभागातल्या मुलांना ओळखीचा आणि म्हणून सुरुवातीला सर्वांत चांगला उपक्रम हा आहे. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर असो की आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर, मातीचे बैल आणून पूजण्याची चाल इथल्या घरांत आहे. कन्नड घरांतही आवसेला मातीचे बैल करतात. त्यामुळे मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांना शेजारी बसवायला याहून सोपे निमित्त नाही.

माती खानापूरकडची मिळाली तर उत्तम. खानापूर कुंभारकामासाठी ओळखले जाते आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. माती कुंभाराकडून घ्यावी आणि रीतसर पैसे देऊन घ्यावी. शक्य असेल तर त्या कारागिरालाच मानधन देऊन दालनात बसवावे. कुंभाराचा हात चालताना पाहणे हे मुलांच्या दृष्टीने मंचावरच्या कोणत्याही कार्यक्रमाइतकेच मोलाचे असते. कोरडी ढेकळे आणली असतील तर ती फोडून दोन दिवस भिजवावीत, खडे काढावेत, जास्तीचे पाणी निथळू द्यावे आणि माती चांगली मळावी. बोटाला न चिकटता वळते, आणि वळलेली वळी वाकवल्यावर तडकत नाही, ती माती तयार समजावी. मग तिचे गोळे करून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत व वरून प्लॅस्टिकचा कागद घालावा. साध्या मैदानी लाल मातीने बैल होत नाही, वाळताना ती फुटते. ती किल्ल्यासाठी ठेवावी. शाडू चालते, पण तिला तडे लवकर जातात आणि ती महागही पडते.

सत्राची पहिली पाच मिनिटे मुलांना नुसती माती द्यावी, काय करायचे ते सांगू नये. मुले ती थापतात, भोके पाडतात, नाकाला लावून वास घेतात. ही पाच मिनिटे वाया गेली असे वाटणारा मदतनीस पुढची चाळीस मिनिटे मुलांना आवरत बसतो. काही मुलांना ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही. त्यांना हसू नये आणि आग्रहही करू नये. एखादी काडी द्यावी, ती काडीने माती कोरू लागतात आणि मग बोटही टेकवतात.

बैलाचे धड, पाय, मान असे सुटे भाग करून जोडणे मुलांना सुचते, पण ते तुकडे वाळल्यावर गळून पडतात. म्हणून एकाच लांबट गोळ्यातून पाय ओढून काढायला सांगावे आणि वशिंड वरच्या बाजूने चिमटीत धरून उचलायला सांगावे. सहा-सात वर्षांचे मूल पाय शेवयांसारखे बारीक करते, बैल उभा करते आणि तो पोटावर बसतो. या क्षणी मदतनीसाची खरी परीक्षा असते. धावून जाऊन पाय जाड करून देऊ नयेत. क्षणभर थांबावे. बहुतेक मुले स्वतःच तीनपैकी एक वाट काढतात : पाय दाबून आखूड करतात, पोटाखाली मातीचा टेकू देतात, नाहीतर ‘हा बसलेला बैल आहे’ असे जाहीर करतात. तिन्ही वाटा बरोबर आहेत. शिंगे मात्र जोडावीच लागतात. जिथे जोडायची तिथे काडीने रेघोट्या ओढाव्यात, पाणी घालून लापशीसारखी केलेली माती बोटाने लावावी आणि मग शिंग दाबून बसवावे. नुसते पाणी लावून चिकटवलेले शिंग घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही.

बैल रंगवायची घाई त्याच दिवशी करू नये. ओल्या मातीवर रंग बसत नाही. सावलीत दोन-तीन दिवस वाळल्यावर घरी रंगवावा, असे एका चिठ्ठीवर लिहून मुलासोबत द्यावे. त्या दिवसापुरती सजावट म्हणून झुलीची नक्षी काडीने कोरता येते, कपाळावर बाजरीचे किंवा मोहरीचे दाणे दाबता येतात.

किल्ला

दिवाळीतल्या किल्ल्यांनी बेळगावच्या गल्ल्या भरून जातात. मोठ्या मुलांना हे काम मदतनीसाहूनही चांगले येत असते. तेव्हा किल्ल्याच्या दालनात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना मोकळीक द्यावी आणि मदतनीसाने सामान पुरवावे. एका गटाला सुमारे तीन फूट बाय दोन फुटांची फळी, विटांचे तुकडे, दगड, गोणपाट, चाळलेली लाल माती आणि एक घमेले एवढे पुरते. विटा-दगडांची रास करायची, मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवलेले गोणपाट त्यावर पांघरायचे, हवे तिथे दाबून कडे आणि घळी काढायच्या आणि वरून कोरडी माती भुरभुरायची. गोणपाटाच्या चुण्यांतून डोंगर आपोआप उभा राहतो. तटबंदी आणि बुरूज त्यानंतर.

दोन सलग सत्रे दिल्याशिवाय हा उपक्रम घेऊ नये. हिरवळ हवी असेल तर अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी उथळ ट्रेमध्ये पेरून ठेवावी आणि उगवलेले थर उचलून लावावेत.

बांधण्याआधी कोणता किल्ला करायचा याचे बोलणे गटात व्हावे. येळ्ळूरचा राजहंसगड बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. डोंगरावर बसलेला गड कसा दिसतो हे त्यांना आठवून सांगता येते. बेळगावचा किल्ला भुईकोट आहे : डोंगर नाही, सभोवती खंदक. लहान मुलांच्या गटाला हाच द्यावा, कारण त्याला विटांची रास लागत नाही. सपाट मातीत खंदक खणून निघालेल्या मातीचाच तट होतो. ज्या गटात एकच मूल हुकूम सोडते आणि बाकीची पाणी वाहतात, तिथे मदतनीसाने कामे फिरवून द्यावीत. या दालनात त्याने मध्ये पडण्याची हीच एक जागा आहे.

कागद, ठसे, बाहुल्या

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिराच्या छतावर दगडात कोरलेले कमळ आहे. तेच कागदात करता येते. चौरस कागदाची तीनदा घडी घालून त्रिकोण करायचा, मोकळ्या कडेला पाकळीचा बाक कापायचा आणि उलगडायचे. आठ पाकळ्या निघतात. पहिल्या फुलात पाकळी उलट्या बाजूने कापली जाणे आणि कागदाचे तुकडे पडणे हे ठरलेलेच. म्हणून प्रत्येक मुलाला तीन कागद द्यावेत, पहिला वर्तमानपत्राचा. पतंगी कागद शेवटी द्यावा, तो ओलसर बोटांनी फाटतो.

ठशांसाठी भेंडी, कांद्याचा अर्धा काप, झाडाची पाने पुरतात. जिथे खाण्याच्या वस्तू अशा वापरणे घरच्यांना पटत नाही, तिथे पाने, दोरा आणि नालीदार पुठ्ठा वापरावा. रंग पाणीदार असला तर ठसा फिसकटतो. जुन्या स्पंजच्या तुकड्यात दाट रंग जिरवून त्यावर दाबायला द्यावे. पानाच्या शिरा उठतात त्या पाठच्या बाजूने, हे मुलांना आधी सांगू नये. दोन्ही बाजू करून पाहिल्या की कळते.

मोठ्या मुलांना रचना करायला आवडते. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करण्याची युक्ती पुस्तकांतून आणि पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील विज्ञान शोधिकेतून घरोघरी पोहोचवली. चौकोन डगमगतो आणि त्रिकोण डगमगत नाही, हे यातून हाताला समजते. महोत्सवात काड्यांचे गूल आधीच काढून टाकलेले असावे. बाहुल्यांसाठी जुने मोजे आणि बटणे पुरतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा बेळगावपासून फार दूर नाही. त्याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कलावंतांचा खेळ आधी आणि बाहुल्या करण्याचे दालन नंतर, असा क्रम लावला तर मुले मोज्याच्या बाहुलीलाही बोलायला लावतात.

भाषा आणि पालक

टिळकवाडीतल्या दालनात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी मुले एकाच सतरंजीवर येतात. फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत असावेत आणि प्रत्येक सत्रात कन्नड चांगले येणारा एक मदतनीस असावा. सूचना कमीत कमी शब्दांत द्याव्यात आणि कृती हातांनी करून दाखवाव्यात. हस्तकलेत हे सहज जमते. ‘याला कळत नाही’ म्हणून कोणत्याही भाषेतल्या मुलाला वेगळे बसवू नये. मुलांना नावाने हाक मारता यावी म्हणून छातीवर चिकटपट्टीवर नाव लिहावे. मुले मदतनीसांना ताई-दादा म्हणतात, तेच ठेवावे.

पालकांना दालनाबाहेर काढणे हा मार्ग नव्हे. त्यांच्यासाठी शेजारी वेगळी सतरंजी आणि वेगळी माती ठेवावी. आजोबा स्वतःचा बैल करू लागले की नातवाच्या बैलाला हात लावत नाहीत. तरीही एखादी आई मुलाच्या हातातून ब्रश घेऊ लागली तर तिला नम्रपणे दुसरा कागद द्यावा. चारचौघांत टोकू नये.

सुरक्षितता

मूल आणि मदतनीस एकटे, नजरेआड, कधीही असू नयेत. स्वच्छतागृहात लहान मुलाला त्याच्या पालकांनी किंवा शिक्षकांनी न्यावे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मदतनीसाला माहीत असावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत आणि नावासह कुठेही देऊ नयेत. सत्र संपल्यावर मुलाला आणणाऱ्याच माणसाच्या हाती द्यावे. त्यासाठी दाराशी वही असते.

कटर, गरम गोंदाची बंदूक, सुया आणि इस्त्री मुलांच्या दालनात नकोत. पुठ्ठा कापायचा असेल तर मदतनीसाने आदल्या दिवशी कापून आणावा. तीन वर्षांखालील भावंडे मांडीवर येतात, म्हणून मणी, टिकल्या, बटणे झाकणबंद डब्यात ठेवावीत. डोळ्यात रंग गेला तर चोळू न देता स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावे आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. काही मुलांना गोंगाट आणि गर्दी सोसत नाही. मंडपाच्या एका टोकाला कनातीआड दोन पाट, थोडे कागद आणि खडू ठेवले, की त्यांनाही महोत्सव आपला वाटतो.

वाळवणे आणि आवराआवर

काम संपण्याच्या दहा मिनिटे आधी सांगावे, पाच मिनिटे आधी पुन्हा सांगावे. अचानक ‘चला, उठा’ म्हटले की हातातले काम बिघडते. नाव प्रत्येक वस्तूवर मुलानेच घालावे, चित्रावर मागच्या बाजूला. ओली चित्रे दोरीवर चिमट्यांनी टांगावीत; दोरी मुलांच्या डोक्याच्या वर, मोठ्यांच्या हाताच्या पोहोचीत. बैल पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवूनच घरी द्यावा आणि न्यायला आलेल्या माणसाला तो उचलायचा कसा ते दाखवावे : शिंगांना नव्हे, पुठ्ठ्याला धरून. न नेलेल्या वस्तू त्याच संध्याकाळी फेकू नयेत. त्या आठवडाभर ठेवाव्यात आणि शाळेमार्फत पोहोचवाव्यात. कोणते काम प्रदर्शनात लावायचे हे निवडू नये. लावायचे तर सगळ्यांचे लावावे.

मातीचे हात आधी घमेल्यात धुवावेत आणि मग नळाखाली, नाहीतर गटार तुंबते. घमेल्यातली माती खाली बसू द्यावी, वरचे पाणी झाडांना घालावे. रंगाचे पाणी मात्र झाडांना घालू नये. मुलांना आवरायला लावावे. ब्रश धुणे आणि कात्र्या मोजणे त्यांना खेळाइतकेच आवडते. शेवटी मदतनीसांनी पंधरा मिनिटे एकत्र बसून काय कमी पडले, काय उरले, कोणत्या वयाला काय जड गेले हे एका वहीत लिहावे. ही वही पुढच्या वर्षीच्या मदतनीसांच्या हाती पहिल्या बैठकीतच द्यावी. बैलांसाठी आणलेली आणि उरलेली माती पुन्हा पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली, तर पुढच्या उपक्रमाला ती तशीच वापरता येते. कडक झालीच, तर फोडून, भिजवून आणि मळून पुन्हा घेता येते.